नव्या हंगामापूर्वीचे टेबल टेनिस: वाचकांचे प्रश्न, प्रशिक्षकाची उत्तरे

परीक्षा संपून स्पर्धांचे वेळापत्रक हाती येईपर्यंतचा काळ टेबल टेनिस खेळाडूंच्या दृष्टीने तयारीचा असतो. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली असून, एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: माझी मुलगी चौदा वर्षांची असून यंदा नववीत जाईल. मागील हंगामात जिल्हा स्पर्धेत ती उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली, पण राज्य मानांकन स्पर्धांत पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बाद झाली. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत आमच्या हाती दहा आठवडे आहेत. रोज पाच तास सराव करावा असे तिला सांगण्यात आले आहे. एवढा सराव तिला झेपेल का, आणि हे दहा आठवडे कसे वापरावेत? (एक पालक, सांगली)

उत्तर: पाच तास झेपतील की नाही हे ठरवण्याआधी त्या पाच तासांत नेमके काय बदलायचे आहे, हे ठरवणे अधिक गरजेचे आहे. स्पर्धा एकदा सुरू झाल्या की खेळाडूच्या हातात फारसा बदल करता येत नाही, कारण कोणताही फटका सुधारायला घेतला की तो आधी काही दिवस बिघडतो, आणि दर पंधरवड्याला सामना समोर असेल तर मूल ताणाखाली पुन्हा जुन्याच सवयीकडे वळते. म्हणून वर्षातला दुरुस्तीचा काळ हाच. मुलीला आणि तिच्या प्रशिक्षकांना एकत्र बसवून मागील हंगामातील चार-पाच पराभव आठवायला सांगा. मोबाइलवर केलेले चित्रीकरण असेल तर ते पाहा, आणि गुण कोठे गेले ते वहीत लिहून काढा. बहुतेक वेळा दोनच कारणे पुन्हा पुन्हा दिसतात. उदाहरणार्थ, बॅकहँडकडे दोन चेंडू आल्यानंतर तिसरा उजव्या कोपऱ्यात दूर गेला की पाय पोहोचत नाहीत, किंवा खाली फिरत (उलटी फिरकी घेऊन) आलेल्या लांब चेंडूवर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा आक्रमक फटका) करण्याऐवजी ती पुश करून, म्हणजे चेंडू नुसता हलकेच ढकलून, स्वस्थ बसते. या दोन गोष्टी या उन्हाळ्यात दुरुस्त करायच्या आणि उरलेल्या दहा गोष्टींना हात लावायचा नाही, असे ठरवावे. एकाच सुट्टीत ग्रिप, सर्व्हिस, फोरहँड आणि रबर असे सगळेच बदलायला निघालेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा जुलै महिना फार वाईट जातो.

पहिले तीन आठवडे टेबलवरचा वेळ मुद्दाम कमी ठेवावा. या काळात बदलायचा फटका सावकाश घोटून घ्यावा आणि शरीराकडे लक्ष द्यावे. शरीराचा मुद्दा येथे सविस्तर मांडतो, कारण टेबल टेनिस म्हणजे मनगटाचा खेळ, अशी समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. सन २००० मध्ये चेंडूचा व्यास ३८ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटर झाला आणि २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचा चेंडू आला. या दोन्ही बदलांनी चेंडूची फिरकी थोडी कमी झाली, त्यामुळे निव्वळ मनगटी हुशारीवर मिळणारे फुकटचे गुण घटले आणि पाय, मांड्या व कंबर यांतून काढलेल्या ताकदीचे महत्त्व वाढले. चौदाव्या वर्षी जड वजने उचलण्याची गरज नाही. बैठका, लंजेस, प्लँक, दोरीवरच्या उड्या, टेबलाच्या रुंदीइतक्या अंतरात डावी-उजवीकडे सरकणे आणि खांद्याच्या मागील स्नायूंसाठी रबरी पट्टीचे व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेसे होतात. पहाटे पाच-सहा किलोमीटर धावायला पाठवण्याची आपली जुनी पद्धत मात्र या खेळाला फारशी उपयोगी पडत नाही. एक रॅली काही सेकंदांत संपते, मग थोडी उसंत मिळते आणि पुन्हा तोच जोर लावावा लागतो. व्यायामही त्याच लयीचा, म्हणजे पंधरा-वीस सेकंद पूर्ण वेगाने आणि त्याच्या दुप्पट विश्रांती असा असावा.

चौथ्या ते सातव्या आठवड्यात सरावाचे प्रमाण वाढवावे. येथे मल्टीबॉलचा खरा उपयोग होतो. प्रशिक्षकाने टोपलीतून एकामागोमाग चेंडू द्यायचे आणि खेळाडूने न थांबता खेळायचे. वीस ते तीस चेंडूंचा एक संच, मग विश्रांती, असे दहा-बारा संच झाले की मूल घामाने निथळते. पायांच्या हालचालीसाठी स्वीडनमधील फाल्केनबर्ग क्लबच्या नावाने ओळखला जाणारा सराव माझ्या मते आजही सर्वांत उपयुक्त आहे. त्यात बॅकहँडच्या कोपऱ्यातून एक बॅकहँड, त्याच कोपऱ्यातून बाजूला सरकून एक फोरहँड आणि लगेच उजव्या कोपऱ्यात जाऊन दुसरा फोरहँड, असे चक्र चालते. सामन्यात लागणाऱ्या तिन्ही हालचाली त्यात येतात. मात्र चेंडू कोठे येणार हे आधीच ठाऊक असलेला सराव दोन आठवड्यांपुढे चालवू नये. त्यानंतर प्रशिक्षकाने मधूनच एखादा चेंडू अनपेक्षित जागी टाकावा, आणि पुढे सगळेच चेंडू अनियमित द्यावेत. राज्य पातळीवर अडणाऱ्या मुलींचा फटका बहुधा चांगलाच असतो. चेंडू कोठे येणार हे ठाऊक नसताना तो मारण्याची सवय त्यांना नसते.

आठव्या आणि नवव्या आठवड्यात सामने खेळवावेत, शक्यतो वेगवेगळ्या शैलीच्या प्रतिस्पर्ध्यांशी, त्यासाठी शेजारच्या गावातल्या क्लबमध्ये जावे लागले तरीही. दहाव्या आठवड्यात सराव निम्मा करावा, तीव्रता मात्र तशीच ठेवावी.

आता तासांविषयी. चौथ्या ते सातव्या आठवड्यात सकाळी दोन आणि संध्याकाळी दीड तास टेबलवर, शिवाय व्यायाम, एवढे पुरे आहे. सांगलीच्या मे महिन्यातल्या दुपारी, चेंडू भरकटू नये म्हणून पंखे बंद ठेवलेल्या हॉलमध्ये केलेला पाचवा तास केवळ हजेरीपुरता असतो. आठवड्यातला एक दिवस संपूर्ण सुट्टीचा ठेवावा. तिची उंची झपाट्याने वाढत असेल आणि गुडघ्याखाली किंवा कोपरात दुखत असेल तर ते दुखणे सरावाने जाईल असे समजू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. फरशीवर सराव होत असेल तर बुटांच्या तळव्यांवर हात आखडू नये.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्लबमध्ये नॉकिंग (गुण न मोजता चेंडू सलग परतवत राहणे) करताना माझा फोरहँड आणि बॅकहँड कोणाहीपेक्षा कमी नसतो, पण सामन्यात माझ्यापेक्षा साधा खेळ असलेल्यांकडून मी हरतो. आमचे पाच गेमचे सामने अनेकदा ९-११, ८-११ अशा फरकाने जातात. मी नेमका कोठे कमी पडत असेन? (एक खेळाडू, नाशिक)

उत्तर: तुमच्या पत्रातच उत्तर आहे. नॉकिंगमध्ये चेंडू सर्व्हिसपासून सुरू होत नाही. सामन्यातला प्रत्येक गुण मात्र सर्व्हिसपासूनच सुरू होतो, आणि पुष्कळ गुण चौथ्या-पाचव्या फटक्याच्या आत संपतात. म्हणजे तुम्ही ज्या फटक्यांत तरबेज आहात ते खेळण्याची पाळी येण्याआधीच गुण गेलेला असतो. सप्टेंबर २००१ पासून गेम २१ ऐवजी ११ गुणांचा झाला आणि सलग पाचऐवजी दोनच सर्व्हिस करण्याची पद्धत आली, तेव्हापासून हा हिशोब आणखी कडक झाला आहे. पूर्वी सुरुवातीचे चार गुण वाया गेले तरी सावरायला वाव असे; आता तेवढ्यात गेमचा एक तृतीयांशाहून अधिक भाग संपतो.

आपल्याकडचा सराव पाहिला तर दोन तासांपैकी सर्व्हिसला शेवटची पाच मिनिटे मिळतात आणि सर्व्हिस घेण्याचा, म्हणजे रिसीव्हचा, सराव तर कोणी करतच नाही. पुढच्या दोन महिन्यांत रोज किमान वीस मिनिटे एकट्याने सर्व्हिसचा सराव करा. त्यासाठी जोडीदार लागत नाही, फक्त चेंडूंची टोपली लागते. सर्व्हिसचे दहा प्रकार जमवण्याच्या मागे लागू नका. एकाच हालचालीतून खाली फिरणारी आणि जवळजवळ न फिरणारी अशा दोन छोट्या सर्व्हिस, आणि तशाच हालचालीतून कोपऱ्यात जाणारी एक जलद लांब सर्व्हिस, एवढे तीन प्रकार विद्यापीठ पातळीला पुरतात. छोटी सर्व्हिस खरोखर छोटी आहे का, याची कसोटी अशी की पलीकडे कोणी नसताना चेंडूने समोरच्या बाजूला दोन टप्पे घेतले पाहिजेत. पहिला टप्पा आपल्या बाजूला नेटच्या फार जवळ पडला की चेंडू उंच उठतो आणि समोरचा खेळाडू फ्लिक करतो, म्हणजे मनगटाच्या झटक्याने हल्ला करतो, म्हणून आपला टप्पा कोठे पडतो याकडेही लक्ष ठेवा.

सर्व्हिसला जोडूनच तिसऱ्या चेंडूचा, म्हणजे सर्व्हिस परत आल्यावरच्या आपल्या पहिल्या फटक्याचा, सराव करावा. जोडीदाराला सांगावे की त्याने पुश कोठेही करावा, आणि आपण सर्व्हिसनंतर लगेच तयार पवित्र्यात येऊन पहिला टॉपस्पिन करावा. सर्व्हिस करून ती कशी झाली हे पाहत उभे राहणे ही फार जणांना जडलेली सवय आहे. रिसीव्हसाठी याच्या उलट करावे: जोडीदाराने त्याची सर्वांत अवघड सर्व्हिस सलग पंधरा मिनिटे करावी आणि तुम्ही फक्त परतवावी, गुण मोजू नयेत. मनगट आणि रॅकेट शेवटच्या क्षणी कोणत्या दिशेने गेले हे पाहायला डोळे शिकतात ते अशाच कंटाळवाण्या पंधरा मिनिटांत.

आणखी एक सूचना. तुमची सर्व्हिस नियमात बसते का, हे हंगामापूर्वी तपासून घ्या. चेंडू उघड्या तळहातावर मोकळा ठेवून किमान १६ सेंटिमीटर जवळजवळ सरळ वर उडवावा लागतो, तो टेबलाच्या मागच्या रेषेच्या मागे आणि टेबलाच्या पातळीच्या वर असावा लागतो, आणि सर्व्हिस घेणाऱ्याला तो संपूर्ण वेळ दिसावा लागतो. उडवल्याबरोबर मोकळा हात मधून बाजूला घ्यावा लागतो. क्लबमध्ये कोणी हरकत घेत नाही. स्पर्धेत पंचांना शंका आली तर ते एकदा समज देतात, त्यानंतर सरळ प्रतिस्पर्ध्याला गुण देतात, आणि ८-८ असताना असा गुण गेला की खेळाडूचे डोके ठिकाणावर राहत नाही. मित्राला पंचांच्या खुर्चीच्या जागी बसवून मोबाइलने चित्रीकरण करायला सांगा. दोन मिनिटांत कळेल.

प्रश्न: दुकानदार माझ्या मुलासाठी महागडे, जास्त वेगाचे रबर सुचवतात. क्लबमधील काही जण बॅकहँडला लाँग पिंपल्स (बाहेरच्या बाजूला लांब दाणे असलेले रबर) लावा म्हणतात. मुलगा बारा वर्षांचा आहे. शिवाय आमच्याकडे जूनपासून हवा इतकी दमट असते की चेंडू रबरावरून घसरतो. काय करावे? (एक पालक, रत्नागिरी)

उत्तर: रॅकेटच्या साहित्याने खेळ बदलतो, याची सर्वांत मोठी साक्ष मुंबईनेच पाहिली आहे. १९५२ मध्ये तेथे झालेल्या जागतिक स्पर्धेत जपानचे हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली रॅकेट घेऊन उतरले आणि पुरुष एकेरीचे विजेते ठरले. साध्या पिंपल्सच्या रबरावर वाढलेल्या प्रतिस्पर्ध्यांना चेंडू रॅकेटवर आदळल्याचा नेहमीचा आवाजही ऐकू येत नव्हता आणि वेगाचाही अंदाज येत नव्हता. आज अशी किमया करता येत नाही, कारण रबर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यताप्राप्त यादीतले असावे लागते आणि स्पंजसह रबराची जाडी गोंद धरून ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तरीही नव्या रबराने खेळ उजळेल, ही आशा दुकानांत विकली जातेच.

बाराव्या वर्षी रबर असे हवे की ज्यावर मुलाला स्वतःच्या हाताने फिरकी द्यावी लागेल आणि चुकीचा फटका चुकीचाच जाईल. अतिवेगवान रबरावर अर्धवट फटकाही टेबलवर पडतो आणि मूल अर्धवटच फटका शिकते. मध्यम वेगाचे, १.८ ते २ मिलिमीटर स्पंजचे, दोन्ही बाजूंना सारखेच रबर घ्यावे आणि ते एप्रिल-मेमध्येच बदलावे, म्हणजे हात बसायला वेळ मिळतो. स्पर्धेच्या आठवड्यात नवे रबर चिकटवू नये. फार तर त्याच जातीचे, तीन-चार सत्रे आधी वापरलेले असावे. रोज सराव करणाऱ्याचे रबर दोन-तीन महिन्यांत गुळगुळीत होऊ लागते, तेव्हा हंगामाच्या मध्यात आणखी एक जोडी लागेल हे धरूनच खर्चाचा अंदाज करावा.

लाँग पिंपल्स हा आडमार्ग आहे, असे मी म्हणणार नाही. भारताच्या मनिका बत्रा यांनी बॅकहँडला लाँग पिंपल्स वापरून २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक जिंकले. पण तो निर्णय खेळाडूची शैली ओळखून, पिंपल्स शिकवू शकणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली घ्यायचा असतो. बॅकहँड टॉपस्पिन जमत नाही म्हणून पिंपल्स लावली तर ती उणीव तशीच राहते, फक्त जिल्हा स्पर्धेत दोन वर्षे झाकली जाते.

कोकणातल्या दमट हवेवर पूर्ण उपाय नाही. रबरावर ओलाव्याचा अगदी पातळ थर बसतो, चेंडूही ओलसर होतो आणि टॉपस्पिन नेटमध्ये जातो. सराव संपताच रबर पुसून त्यावर पारदर्शक फिल्म लावावी, रॅकेट बंद कव्हरमध्ये ठेवावी, आणि सामन्यात दर सहा गुणांनंतर टॉवेल घेण्याची जी मुभा आहे ती हात पुसण्याबरोबर रॅकेट आणि चेंडू पुसण्यासाठीही वापरावी. चेंडू घसरू लागला की नुसते घासण्याऐवजी चेंडूला थोडे अधिक मागून, भरीव मारावे लागते, आणि हा बदल पावसाळी हवेतच शिकता येतो. त्या दृष्टीने रत्नागिरीच्या मुलांना पुण्याच्या मुलांपेक्षा थोडा लाभच आहे.

प्रश्न: माझे वय त्रेपन्न आहे. महाविद्यालयात खेळत असे. आता वीस वर्षांच्या खंडानंतर प्रौढांच्या स्पर्धेत उतरण्याची इच्छा आहे. तयारी कशी करावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: वय आड येत नाही, हे भारताचे टेबल टेनिसपटू शरथ कमल यांनी दाखवले आहे. २००६ मध्ये मेलबर्न येथे राष्ट्रकुल स्पर्धेतील एकेरीचे सुवर्णपदक जिंकल्यावर, १६ वर्षांनी, वयाच्या चाळिशीत, त्यांनी बर्मिंगहॅम येथे ते पुन्हा जिंकले. मात्र त्या मधल्या १६ वर्षांत त्यांचा सराव खंडित झाला नव्हता, आपला झाला आहे. हाताला फटके आठवतील आणि ते लगेच पूर्वीच्या जोराने मारावेसे वाटतील. खांदा आणि पोटरी दुखावते ती तेव्हाच. खेळण्यास सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. पहिले सहा आठवडे दिवसाआड एक तासच खेळावे, त्याआधी पंधरा मिनिटे अंग मोकळे करावे. आपण महाविद्यालयात खेळत होता तेव्हाचा चेंडू लहान होता, गेम २१ चा होता आणि स्पीड ग्लू (रबराचा वेग वाढवणारा गोंद) चालत असे, ज्यावर २००८ मध्ये बंदी आली. त्यामुळे जुनी रॅकेट कपाटातून काढून तिचीच दुरुस्ती करण्यापेक्षा नवी मध्यम वेगाची रॅकेट घ्यावी. या वयात ब्लॉक (समोरच्याचा जोरदार चेंडू नुसता अडवून परतवणे), चेंडूची जागा आणि सर्व्हिस यांवर सामने जिंकता येतात, आणि प्रतिस्पर्धीही आपल्याच वयाचा असतो.

प्रश्न: गावात सरावाला जोडीदार नाही. रोबोट मशीन घेतल्यास हंगामाची तयारी होईल का? (एक पालक, सावंतवाडी)

उत्तर: फटका घोटण्यासाठी आणि दम वाढवण्यासाठी उपयोग होईल, सामन्याची तयारी होणार नाही. खेळाडू समोरच्याच्या खांद्यावरून, मनगटावरून चेंडूचा अंदाज घेतो. यंत्राला खांदा नसतो. तेवढ्या पैशांत महिन्यातून चार वेळा कुडाळ किंवा पणजीला जाऊन माणसांशी खेळणे शक्य असेल तर ते आधी करावे, यंत्र नंतर घ्यावे.

प्रश्न: माझा मुलगा सोळा वर्षांचा असून शालेय स्पर्धा आणि संघटनेच्या मानांकन स्पर्धा दोन्ही खेळतो. मागील वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत तो सतत कोठेतरी खेळत होता आणि शेवटी पार थकून गेला. कोणत्या स्पर्धांची तयारी करावी? (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: दोन्ही व्यवस्था वेगळ्या आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात, त्यांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असतात, आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात. संघटनेच्या स्पर्धांत ११, १३, १५, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात आणि तेथे मानांकनाचे गुण मिळतात. सर्वच स्पर्धांत शिखरावर राहणे कोणालाही शक्य नसते. वेळापत्रक आले की त्यातील दोन, फार तर तीन स्पर्धांवर खूण करावी, त्यांच्या आधीच्या आठवड्यात सराव हलका ठेवावा, आणि बाकीच्या स्पर्धा सराव समजून खेळाव्यात. त्यांतील पराभवाची घरी चर्चा करू नये. दोन महत्त्वाच्या स्पर्धांमध्ये किमान तीन आठवडे असतील तर पहिला आठवडा विश्रांती आणि व्यायामाला द्यावा. ऑक्टोबरात मूल चिडचिडे झाले, झोप बिघडली आणि सराव नकोसा झाला, तर एखादी प्रवेशिका बुडाली तरी चालेल, पण त्याला आठ दिवस रॅकेटपासून दूर ठेवावे.

जन्मदाखला, शाळेचे ओळखपत्र आणि संघटनेची नोंदणी ही कामे जूनमध्येच उरकून घ्यावीत. किटबॅगेत पांढरा टी-शर्ट ठेवू नये, कारण चेंडू पांढरा असेल तर मुख्य रंग पांढरा असलेला शर्ट चालत नाही. दुसरी रॅकेट मात्र जरूर ठेवावी. सामना सुरू असताना अपघाताने मोडल्याशिवाय रॅकेट बदलता येत नाही, आणि मोडलीच तर बदलायला दुसरी जवळ असावी लागते. सामन्यापूर्वी टेबलवर सरावाला दोनच मिनिटे मिळतात. म्हणून हॉलवर निदान तासभर आधी पोहोचून, मोकळे टेबल मिळाल्यास तेथे आणि न मिळाल्यास बाहेरच्या पडवीत, अंगात घाम येईपर्यंत हालचाल करून घ्यावी.